करतो ना, साहेब

‘करतो ना, साहेब.’

भाऊ असं म्हणाले की ते काम आता होणार नाही, हे आमच्या आश्रमशाळेतल्या पहिलीच्या पोरीलाही ठाऊक होतं. साहेबांना तेवढं ठाऊक नव्हतं. जे काम भाऊंना करायचं असे, त्याबद्दल ते तोंडातून अक्षर काढत नसत. उठत आणि करून मोकळे होत. न करायच्या कामाला मात्र खांद्यावरचा दुपट्टा नीट करून, मान हलवून, अगदी आनंदानं होकार. ‘करतो ना, साहेब. आजच करतो.’

तुमच्याही शाळेत, कचेरीत असा एखादा माणूस असेल. तुम्ही त्याला कामचुकार म्हणत असाल. मीही म्हणायचो. मी तेव्हा फार गोष्टींना फार नावं ठेवत असे.

भाऊ कामाठी होते. ज्या कामाला माणूस नेमलेला नाही ते काम ज्याच्या गळ्यात पडतं, तो आश्रमशाळेतला कामाठी. भामरागडच्याही पुढे, पावसाळ्यात जगाशी नातं तुटणाऱ्या त्या शाळेत माणूस न नेमलेली कामं पुष्कळ होती. विजेचं काम, नळाचं काम, तापानं फणफणलेल्या पोरीला दवाखान्यात नेण्याचं काम. क्रीडाशिक्षकाची जागाही रिकामीच होती. हजेरीच्या फलकावर त्या पदासमोर कित्येक वर्षं खडूची एक आडवी रेघ होती, आणि ती रेघ पुसट झाली की पुन्हा गिरवण्याचं कामही भाऊंचंच.

मी तिथे तासिकेवर मराठी शिकवायला गेलो. मी चंद्रपूरच्या खाण कामगारांच्या वसाहतीतला. वडील युनियनमध्ये. घरात पाटी येण्याआधी पत्रकांचे गठ्ठे आले, त्यामुळे मला वाचता यायला लागलं ते ‘कामगार बंधूंनो’पासून. अजूनही माझ्या वाक्याची मूठ आपोआप वळते. तेव्हा तर मी दूध पातळ आलं तरी पत्रक लिहीत असे.

त्या शाळेच्या कोठीत बास्केटबॉलची एक रिंग आणि फळा गोणपाटात गुंडाळून पडला होता. कुणी मागितला नव्हता, कुणी पाठवला ते माहीत नव्हतं, पण साठा रजिस्टरात त्याची नोंद दर वर्षी चोख होत होती. एका रविवारी भाऊंनी दोन सागवानी खांब रोवले आणि त्यावर ती रिंग चढवली. सुताराकडून टेप आणून बरोबर दहा फुटांवर. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे कुणाला ‘करतो ना’ म्हणायची वेळच आली नाही.

आमच्या वसाहतीत सिमेंटचं कोर्ट होतं, म्हणून मला खेळाचे नियम माहीत होते. ते मी सांगितले. बाकी सगळं भाऊंनी शिकवलं, आणि ते त्यांनी मासेमारीतून आणलं. ते वडशाकडचे, तलावावर जाळं टाकणाऱ्या घरातले. पोरींना ते ‘बाई’ म्हणत, पाचवीतलीलासुद्धा. ‘जाळं हातानं नाई फेकत, बाई. कंबर फेकते. हात निस्ता सोडते.’ मैदान रेताड, चेंडू आपटला तर उसळायच्या ऐवजी तिथेच बसे. म्हणून आमच्या पोरी चेंडू आपटत नसत. हातून हाती, हातून हाती. जमिनीला न लागता चेंडू रिंगखाली येई आणि तिथून मैनी तो वर सोडी. मैनी दहावीतली, आमची कप्तान. बोलायची कमी. तिचा चेंडू सहसा चुकत नसे.

चेंडू कधी कधी रिंग आणि फळ्याच्या मध्ये अडकायचा. तो खालून ढोसून काढायला भाऊंनी एक बांबू ठेवला होता. जमिनीवर उभा केला की टोक बरोबर रिंगला टेके. पावसाळ्यात बांबूला वाळवी लागे. म्हणून दर वर्षी पाऊस सरला की भाऊ नवा बांबू तोडून आणत, रिंगखाली उभा करत आणि मापानं कापत. हे ध्यानात ठेवा. आम्ही कुणी ठेवलं नाही.

आता अधीक्षक साहेब. त्यांच्याकडे नवीकोरी चारचाकी होती आणि ती उन्हात उभी राहते याचं त्यांना खरंखुरं दुःख होतं. त्या शाळेत वसतिगृहाच्या दोन खिडक्यांना पल्ले नव्हते, पण दुःख गाडीचं. सावलीची, सपाट अशी एकच जागा आवारात होती, आणि तिथे रिंग होती. चंद्रपूरला एका समितीनं दोन जिल्ह्यांच्या विजेत्या संघांत मुलींची तीन सामन्यांची मालिका ठेवली होती. दोन जिंकेल तो पुढे राज्याला. आमच्या जिल्ह्यातून दुसरा संघच नोंदला गेला नव्हता, त्यामुळे एकही सामना न खेळता आम्ही विजेते होतो. साहेब भाऊंना म्हणाले, ‘मालिका जिंकून या, रिंग ठेवू. हरले तर आल्या आल्या काढून टाक. तिथं शेड टाकायची आहे. समजलं?’

‘समजलं, साहेब,’ भाऊ म्हणाले. ‘करतो ना’ म्हणाले नाहीत. त्यांचा चेहरा पडलेला मी पहिल्यांदा पाहिला.

मी अर्थातच पत्रक काढलं. ‘जंगलातून निघालेलं वादळ चंद्रपूरच्या वेशीवर!’ खाली आमची संधी किती आणि ती इतिहासानं कशी ठरवली आहे, याचे चार परिच्छेद. भाऊंनी ते सावकाश, बोट ठेवून वाचलं. ‘सर, हे कोणाले मारून राह्यले तुम्ही?’

‘मारत नाही भाऊ, जागं करतोय.’

‘पोट्ट्यांले नका दाखवू. झोपणार नाईत.’

त्यांनी गठ्ठा ठेवून घेतला. प्रवासात पोरी जेवायला बसल्या तेव्हा प्रत्येकीच्या पत्रावळीखाली माझं एकेक वादळ अंथरलेलं होतं.

जीपच्या टपावर बांबू बांधून आम्ही चंद्रपुरात शिरलो. जटपुरा गेटपाशी त्याचं टोक एका ऑटोत शिरलं आणि आतल्या बाईंनी आम्हा सगळ्यांच्या घराण्यांचा उद्धार केला. मी म्हटलं, ‘भाऊ, बांबू कशाला आणला? इथे बांबू मिळत नाही का?’ भाऊ म्हणाले, ‘मिळते. पण याले आपली रिंग माहीत हाय.’

मैदानावर संयोजक भेटले. पांढरे बूट, छातीवर फुलाएवढा बिल्ला. समोरचा संघ शहरातल्या एका बड्या शाळेचा. पोरींना सारखे पोशाख, त्यावर सारखी जाकिटं, पाण्याच्या सारख्या बाटल्या. पोरींवर माझा राग नाही. पण त्यांच्या आजूबाजूला जी मोठी माणसं बाटल्यांइतकीच सारखी हसत होती, त्यांच्यावर आहे. मी संयोजकांना विचारलं, ‘आमचा चान्स किती वाटतो?’

ते दिलखुलास हसले. ‘तिसऱ्या दिवशी इथं मंडप पडतोय, सर. बक्षीस समारंभ. पाहुण्यांची वेळ घेतली आहे.’

म्हणजे तिसरा सामना कागदावर होता, पण त्या दिवसाचं कोर्ट आधीच खुर्च्यांना दिलं होतं. संधीचं एवढं स्पष्ट गणित मी नंतर कुठे पाहिलं नाही. वाटेत पानठेल्यावर हेच विचारलं तेव्हा तिथली माणसंही निदान ‘पाहू ना’ म्हणाली होती.

संयोजकांचं बोलणं संपलं नव्हतं. ‘आणि हो, मॅचच्या आधी या मुलींनी रेला नाच करावा. पाहुण्यांना तेच बघायचं असतं. पोशाख आणलाय ना?’

माझं डोकं फिरलं. खेळायला बोलावलेल्या पोरींना आधी नाचून दाखवायला सांगायचं! मी तोंड उघडलं, वाक्याची मूठ वळली. तेवढ्यात भाऊंनी दुपट्टा सारखा केला.

‘करतो ना, साहेब. पोशाख घालून आणतो.’

आणि सगळ्या पोरींना घेऊन ते गेले. व्यासपीठावर पाहुणे बसले. ध्वनिक्षेपकावरचा निवेदक हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांची घोषणा करणारा होता, त्याचा आवाज खांबाला धरून रडल्यासारखा. ‘वनराईच्या कुशीतून आलेल्या आपल्या भगिनी क्षणार्धात आपल्यासमोर...’ क्षणार्ध सरला. अर्धा तास सरला. पंचांनी घड्याळ पाहून शिट्टी मारली तेव्हा आमच्या पोरी मैदानाच्या मागच्या फाटकातून आल्या, खेळाच्याच कपड्यांत, हातात अर्धे अर्धे पेरू. भाऊ संयोजकांना म्हणाले, ‘पोशाखाची पेटी सापडून नाई राह्यली, साहेब. समारंभात करतो ना.’

पहिल्या सामन्यात आम्ही कसे हरलो ते सांगायला हवं. पोरी चेंडू सुंदर फिरवत होत्या. समोरच्यांना तो दिसतच नव्हता. रिंगखाली मैनी मोकळी उभी, चेंडू हातात, कंबर वळली, हात सुटला. चेंडू रिंगवरून जाऊन फळ्यावर आपटला. पुन्हा. पुन्हा. दुसरीचाही तसाच. तिसरीचाही. ‘काय ही ताकद!’ निवेदक म्हणाला आणि लोक हसले. आमचे सहा गुण, त्यांचे एकेचाळीस. मैनी हाताच्या पंजाकडे अशी बघत होती, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

संयोजकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ‘अनुभव मिळतो हो.’ ज्यांना काही द्यायचं नसतं ते नेहमी अनुभव देतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मैदानावर गेलो तेव्हा भाऊ एकटे रिंगखाली उभे होते. बांबू जमिनीवर सरळ धरलेला. आमच्याकडे रिंगला टेकणारं त्याचं टोक इथे रिंगच्या वर वीतभर गेलं होतं. भाऊ वर बघत होते.

‘सर, आपली रिंग उंच हाय.’

‘कशी असेल? दहा फुटांवर तुम्हीच बसवली.’

‘बसवली तेव्हा दहाच होती. खालची माती दर पाण्यात वाहून गेली. मी येडा, दर वर्षी बांबू नवा कापत राह्यलो. थोडा थोडा लांब. रिंग तिथंच राह्यली, सर. आपणच खाली गेलो.’

‘भाऊ! अहो, हे केवढं आहे! पायाखालची माती वाहून जाते आणि वरचे आपल्यालाच विचारतात की...’

‘नंतर लिवा, सर,’ भाऊ म्हणाले. ‘आधी पोट्ट्यांले एक पाऊल मागं घ्या.’

एवढंच. रिंगखाली न जाता एक पाऊल अलीकडून टाकायचं. सवयीनं जादा उडणारा चेंडू मग बरोबर जाळीत पडतो. तासभर पोरींनी टाकून पाहिलं. मैनी पहिल्यांदा हसली. भाऊंनी बांबूवर रिंगच्या उंचीला सुरीनं खूण केली आणि बांबू बाजूला ठेवला.

दुसरा सामना आम्ही जिंकलो. मी तुम्हाला तो नीट सांगणार नाही, कारण मी तो नीट पाहिलाच नाही, ओरडत होतो. मध्यंतरात मंडपवाल्याचा ट्रक येऊन मैदानाला लागला आणि त्याच्या माणसांनी पाइप उतरवायला घेतले. शेवटची शिट्टी झाली तेव्हा अर्ध्या मंडपाचा सांगाडा एका कडेला उभा होता. निवेदकाचा आवाज पहिल्यांदा साधा माणसासारखा आला: ‘म्हणजे आता... उद्या मॅच आहे?’

पाहुण्यांची वेळ, खुर्च्या, हारतुरे, सगळं एक दिवस पुढे ढकलावं लागलं. संयोजक चिडून मंडपवाल्यावर ओरडत होते, जणू सामना त्यानंच जिंकला. सांगाडा उतरवायला माणसं कमी पडली. भाऊ काही न बोलता गेले, आणि एकेक पाइप खांद्यावर घेऊन ट्रकमध्ये ठेवू लागले. इतकं मन लावून काम करताना मी त्यांना क्वचित पाहिलं.

तिसरा सामना. हे पत्रक असतं तर पंच विकले गेले होते असं मी लिहिलं असतं. पण पंच ठीक होते. समोरच्या पोरी शिकल्या होत्या. आमच्या हातून हाती जाणाऱ्या चेंडूच्या मध्ये आता त्यांचे हात येत होते. शेवटपर्यंत एका गुणाचं अंतर राहिलं, ते त्यांच्या बाजूनं. शेवटच्या काही क्षणांत चेंडू मैनीकडे आला. समोर कुणी नव्हतं. ती रिंगजवळ होती, अगदी जवळ. तिनं वर पाहिलं, आणि सांगितल्याप्रमाणे एक पाऊल मागे घेतलं. कंबर वळली, हात सुटला.

चेंडू रिंगच्या पुढच्या कडीला लागून खाली पडला. आखूड पडला.

तिकडे फटाके लागले. मी पंचांच्या टेबलाकडे धावलो. कशासाठी ते मलाही माहीत नव्हतं. काहीतरी अन्याय सापडेलच अशी माझी खात्री होती. भाऊंनी मला दंडाला धरून थांबवलं. मग मैनीजवळ जाऊन उकिडवे बसले. ती मान खाली घालून बूट सोडत होती.

‘चूक माही हाय, बाई,’ ते म्हणाले. ‘तीन दिवसांत तुह्या हातानं इथली रिंग शिकून घेतली होती. मी नाई शिकलो. मी कालचंच सांगत राह्यलो.’

मैनीनं त्यांचाच दुपट्टा ओढून तोंड पुसलं.

समारंभ झाला. पाहुण्यांनी आम्हाला ‘उत्तेजनार्थ’ भिंतीवरची घड्याळं दिली, प्रत्येकीला एक. त्या पोरींच्या गावात भिंती कुडाच्या. संयोजकांनी भाऊंना रेलाची आठवण करून दिली. भाऊ म्हणाले, ‘करतो ना, साहेब,’ आणि आम्ही जीपमध्ये बसलो.

शाळेत पोचलो तेव्हा साहेब पायरीवरच उभे होते. निकाल आमच्या आधी पोचला होता. ‘मग? उद्या काढून टाक.’

रिंग काढणारा शाळेत एकच माणूस होता, आणि अट त्यानं ऐकून घेतली होती. भाऊंनी बांबू टपावरून उतरवला. दुपट्टा खांद्यावर सारखा केला. मान हलवली.

‘करतो ना, साहेब. उद्याच करतो.’

वाचकहो, त्या दिवशी त्या शब्दांचा मला जेवढा आनंद झाला, तेवढा कुठल्याही घोषणेचा कधी झालेला नाही.

दुसऱ्या दिवशी वर चढायची निसणी सापडली नाही. ती सापडली तेव्हा पाना हरवला. पाना मिळाला तर खांबाला गांधीलमाश्यांनी पोळं केलं होतं. ‘पोट्ट्यांले चावतीन, साहेब.’ पोळं गेलं, मग बोल्टला गंज. ‘जळकं ऑइल टाकून ठेवलं, साहेब. मुरू द्या चार दिवस. जबरदस्ती केली तं तुटते.’ ऑइल महिनाभर मुरलं. साहेब रोज ओरडत, भाऊ रोज होकार देत. मी एवढी पत्रकं काढली, एका साहेबाची एक ओळ कधी बदलली नाही. भाऊंनी एकदाही ‘नाही’ न म्हणता एक अख्खी शेड अडवून धरली. शेवटी साहेबांची बदली आली. रुजू झाल्या दिवसापासून ते तिच्याच मागे होते. गाडी उन्हातूनच गेली.

मग मी भाऊंना म्हणालो, ‘आता रिंग वीतभर खाली घेऊ. सोपं आहे.’

‘माती गेली तं माती आणा,’ ते म्हणाले. ‘रिंगनं का केलं?’ आणि बोलणं संपवून फावडं घेऊन निघाले. पोरींनी टोपल्यांनी मुरूम वाहिला. चंद्रपूरची खूण असलेला तो बांबू भाऊंनी जळक्या ऑइलनं माखून काढला, वाळवी लागू नये म्हणून. पुन्हा कधी कापला नाही. दर वर्षी पाऊस सरला की तो रिंगखाली उभा करायचा आणि खूण रिंगला लागेपर्यंत मुरूम टाकायचा.

पुढे माझ्या तासिका बंद झाल्या, मी चंद्रपूरला परतलो. भाऊ निवृत्त होऊन वडशाकडे गावी गेले. मी फोन करायचो. ‘भाऊ, एकदा शाळेत जाऊन येऊ दोघं.’ ते आधी म्हणत, ‘गुडघे दुखून राह्यले, सर.’ गेल्या उन्हाळ्यात मी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, ‘येतो ना, सर. पाणी सरलं की येतो.’

मी फोन हातात धरून बसून राहिलो. इतकी वर्षं त्यांनी हे मला कधी म्हटलं नव्हतं.

पावसाळ्यातच ते गेले.

पाणी सरल्यावर मी एकटा शाळेत गेलो. मैनी नव्हती, त्या संघातली कुणीच नव्हती. रिंग होती. खाली सातवी-आठवीच्या पोरी टोपल्यांनी मुरूम टाकत होत्या. एक बारकी पोर काळाकुट्ट बांबू दोन्ही हातांनी सरळ धरून वर बघत उभी होती. तिनं भाऊंना पाहिलंही नसेल.

नवे साहेब कचेरीतून बाहेर आले. आता त्यांचीही गाडी आहे. ‘ए, काय चाललंय? ही रिंग काढायची आहे, सांगितलं ना?’

त्या पोरीनं बांबू हलवला नाही, खुणेवरची नजरही काढली नाही.

‘काढतो ना, साहेब,’ ती म्हणाली, आणि मागच्या पोरीला हातानं खूण केली: अजून एक टोपली.